टर्फ: कापडाच्या गिरणीतून निघालेलं गवत

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय नवीन काढलं? आज गवतावर बोलायचंय. तेही गोल्फच्या मैदानावरच्या गवतावर.

आता गोल्फ हा काही इचलकरंजीचा खेळ नाही. आपल्याकडे कुस्ती चालते, फुटबॉल चालतो, क्रिकेट तर विचारूच नका. पण ‘टर्फ’ हा शब्द मात्र आपण रोज वापरतो. ‘संध्याकाळी टर्फ बुक करू का?’ ‘टर्फचे पैसे कुणी द्यायचे?’ आपल्यासाठी टर्फ म्हणजे चारी बाजूंनी जाळी, वर दिवे आणि खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे: मुळं आणि माती एकमेकांत गुंतून तयार झालेला गवताचा जिवंत थर. तो थर जपायचं शास्त्र गोल्फच्या मैदानांनी वाढवलं. मी त्याचा इतिहास वाचायला लागलो आणि दोन गोष्टी अशा सापडल्या की त्या थेट आपल्या गावाशी येऊन भिडल्या. पहिली, हिरवळ कापायचं यंत्र कापडाच्या गिरणीतून निघालं. दुसरी, जगातल्या गरम देशांमधल्या बऱ्याच गोल्फ मैदानांवर जे गवत आहे, ते आपल्या रानातली हरळी आहे.

सुरुवात स्कॉटलंडपासून करू. तिथे सेंट अँड्र्यूजसारख्या गावांत समुद्रकाठची वाळूची, उंचसखल जमीन होती. शेतीला निरुपयोगी. तिच्यावर मेंढरं चरायची आणि लोक गोल्फ खेळायचे. गवत राखायला वेगळा माणूस नव्हता. मेंढरं ते बारीक कुरतडायची, लेंड्या टाकून खत द्यायची, आणि वाळूमुळे पावसाचं पाणी झटकन खाली उतरायचं. थोडक्यात, चांगल्या टर्फला लागणाऱ्या तीन गोष्टी, म्हणजे नियमित कापणी, खत आणि निचरा, तिथे फुकटात मिळत होत्या. १८६० च्या दशकात सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची जबाबदारी ओल्ड टॉम मॉरिस या माणसाकडे आली. गवतावर थोडी थोडी वाळू पसरत राहायची, म्हणजे पृष्ठभाग सपाट होतो आणि गवत दाट येतं, ही पद्धत त्याने रुजवली. आजही जगभर हेच करतात.

पण ज्यांच्याकडे समुद्रकाठ नव्हता आणि मेंढरंही नव्हती, त्यांनी काय करायचं? इंग्लंडमधले श्रीमंत लोक बंगल्यापुढची हिरवळ माणसं लावून विळ्याने कापून घ्यायचे. लांब दांड्याचा मोठा विळा असायचा. पहाटे गवत दवाने ओलं असतानाच तो नीट चालायचा, आणि त्याला कसबी हात लागायचा. म्हणून हिरवळ ही श्रीमंतीची खूण होती. जितकी मोठी हिरवळ, तितकी जास्त माणसं पोसायची ऐपत.

आता या गोष्टीत कापड येतं. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचं गाव आहे. लोकरीच्या कापडासाठी प्रसिद्ध. लोकरीचं कापड विणून झालं की त्यावर बारीक लव उभी राहते. ती एकसारखी छाटली तरच कापड गुळगुळीत दिसतं. आपल्याकडे प्रोसेसला काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. मागावरून उतरलेलं ग्रे कापड आणि दुकानात लागलेलं कापड यांच्यात किती कामं असतात, ते त्याला पाठ असतं. ही लव पूर्वी मोठमोठ्या कात्र्यांनी हाताने छाटायचे. मग यंत्रं आली आणि छाटणाऱ्यांची रोजी गेली. १८१२ साली यॉर्कशायरमध्ये याच कारागिरांनी रात्री गिरण्यांवर चाल करून छाटणीची यंत्रं फोडली होती. इतिहासात त्यांना लडाइट म्हणतात.

स्ट्राउडच्या गिरण्यांमध्ये या छाटणीसाठी फिरत्या पात्यांचं यंत्र वापरलं जायचं. एका रुळावर वळणदार पाती बसवलेली, आणि रूळ फिरला की लव एका उंचीवर छाटली जायची. तिथे एडविन बडिंग नावाचा एक मेकॅनिक होता. त्याच्या डोक्यात आलं की जे कापडावर चालतं, ते गवतावर का चालू नये? १८३० साली त्याने पेटंट घेतलं. जगातलं पहिलं लॉनमॉवर हेच. पेटंटच्या कागदात त्याने असंही नमूद केलं होतं की खेड्यातल्या जमीनदारांनी हे यंत्र स्वतः ढकललं, तर त्यांना करमणूक होईल आणि व्यायामही घडेल!

दोन वर्षांत रॅन्सम्स या कंपनीने हे यंत्र बनवायचा परवाना घेतला. ही मुळात नांगर बनवणारी कंपनी. यंत्र हळूहळू सुधारत गेलं, स्वस्त झालं. पुढे टेनिस, क्रिकेट, गोल्फ हे खेळ ज्या सपाट हिरवळीवर वाढले, ती हिरवळ या यंत्राशिवाय एवढ्या प्रमाणात शक्य नव्हती. आजही गोल्फचं ‘ग्रीन’, म्हणजे होलभोवतीची सगळ्यात बारीक हिरवळ, फिरत्या रुळाच्या मॉवरनेच कापतात. रोज कापतात. उंची ठेवतात साधारण तीन ते चार मिलिमीटर. तत्त्व तेच, कापडावरची लव छाटायचं.

आपल्या गावात विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला १९०४ साली. ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ हे बिरुद त्यानंतरचं. मँचेस्टरचं नाव आपण एवढ्या वेळा घेतो. पण जगाला हिरवळ देणाऱ्या स्ट्राउडचं नाव मी तरी या वाचनाआधी ऐकलं नव्हतं.

आता गोष्ट भारतात आणू. इंग्रज आले तसा त्यांचा खेळही आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा जगातला सगळ्यात जुना. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. पण खेळ आला तरी गवत काही येईना. थंड हवेतलं विलायती गवत आपल्या एप्रिल-मे महिन्यात टिकणार कसं? कोरड्या भागात तर इंग्रजांनी ग्रीनचा नादच सोडला. तिथे वाळूत तेल मिसळून चोपलेला पृष्ठभाग करायचे आणि त्याला ‘ब्राउन’ म्हणायचे. ज्या ठिकाणी हिरवळ टिकली, तिथे एक देशी गवत कामाला आलं. ते म्हणजे हरळी.

हरळी कुणाला माहीत नाही? गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहतो, ती हीच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. अमेरिकेत हिलाच बर्म्युडा ग्रास म्हणतात. देव्हाऱ्यात तिला मान आहे, पण शेतकऱ्याला विचारा. हरळी शिरली की रान गेलं, असं तो म्हणेल. कारण तिची रचनाच तशी आहे. जमिनीवरून धावणारी खोडं वेगळी आणि जमिनीखालून जाणारी वेगळी. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, प्रत्येक पेराला नवा कोंब येतो. खुरप्याने तोडली तर एकाच्या चार होतात. चिवट माणसाला किंवा चिवट वंशाला आपण ‘हरळीची मुळी’ म्हणतो, ते उगाच नाही.

देशी लाकडी नांगर वरची माती उकरायचा, खालच्या मुळीपर्यंत पोचायचा नाही. लोखंडी नांगर पोचायचा. आपल्या भागात हा नांगर आणला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. सुरुवातीला शेतकरी तो घ्यायलाच तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. पुढे १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर गावोगाव गेला. खोल नांगरट करून मुळी वर काढायची, उन्हात वाळवायची, वेचून पेटवायची. हरळीशी लढायचं तेव्हाचं तंत्र हे.

म्हणजे गंमत बघा. विलायतेत नांगराचा कारखाना हिरवळ राखायचं यंत्र बनवत होता, आणि आपल्याकडे नांगराचा कारखाना हिरवळीचं गवत मुळासकट उपटायला मदत करत होता.

पण हरळीचे जे गुण शेतकऱ्याला छळतात, तेच मैदानाला हवे असतात. वरून कापलं तर ती मरत नाही, उलट आडवी पसरते, दाट होते. तुडवली तरी पुन्हा उठते. ऊन जितकं कडक, तितकी ती खूश. खारट पाणीही बऱ्यापैकी सोसते. एकच गोष्ट तिला चालत नाही: सावली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. कापसाचा पट्टा. तिथल्या कापूसवाल्यांचाही हरळीवर आपल्या शेतकऱ्यांइतकाच राग. १९३६ साली तिथल्या शेती संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन नावाचा तरुण शास्त्रज्ञ आला. कापसाच्या एका जुन्या रानात सापडलेली जोमदार हरळी घेऊन त्याने आधी गुरांसाठी चांगलं गवत तयार केलं. मग तो गोल्फकडे वळला. साधी हरळी आणि आफ्रिकेतली बारीक पानांची तिची बहीण, यांचा संकर केला. त्यातून १९५६ मध्ये टिफग्रीन आलं, १९६० मध्ये टिफवे आणि १९६५ मध्ये टिफड्वार्फ. या संकरित गवताला बी धरत नाही. उसाची कांडी लावतो तसे त्याचे पेराचे तुकडे लावावे लागतात. आज भारतासकट गरम देशांतल्या अनेक गोल्फ मैदानांवर या घराण्याचं गवत आहे.

बर्टनचं एक काम तर आपल्या ताटापर्यंत पोचलं. त्याने टिफ्टनमध्ये बाजरीचं एक खास वाण काढलं होतं, टिफ्ट २३ ए. लुधियानाचे शास्त्रज्ञ डी. एस. अठवाल यांनी त्यावरून भारताची पहिली संकरित बाजरी तयार केली. एचबी-१, साल १९६५. सुरुवातीला उत्पादन जोरात वाढलं. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला या बाजरीवर गोसावी रोगाची साथ आली आणि सगळीकडे एकच वाण लावण्याचा धोका लोकांना कळला. गोल्फच्या ग्रीनलाही हाच धोका असतो. मैलभर सगळं गवत एकाच रोपाचं, त्यामुळे एका कोपऱ्यात बुरशी आली की पसरायला वेळ लागत नाही. म्हणून तिथे माणूस रोज सकाळी फिरून गवत बघतो.

निरोगी टर्फ राखायचं म्हणजे नेमकं काय करायचं, तेही थोडक्यात सांगतो. पहिलं, कापणी. एका वेळी पानाचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापायचा नाही. जास्त कापलं तर पान अन्न बनवू शकत नाही आणि मुळं आखडतात. दुसरं, माती मोकळी ठेवणं. तुडवून तुडवून माती घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही. मग पोकळ दातांच्या यंत्राने भोकं पाडतात आणि त्यात वाळू भरतात. तिसरं, निचरा. १९६० साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने ग्रीन कसं बांधायचं याचा आराखडाच काढला: सगळ्यात खाली पाइप, त्यावर चार इंच खडी, त्यावर बारा इंच वाळूची माती. हे ऐकून शिरोळ तालुक्यातला शेतकरी म्हणेल, ‘अहो, हे तर आमच्याकडं पण हाय की!’ बरोबर आहे. जास्त पाणी पाजून क्षारपड झालेली जमीन परत आणायला आपल्या शेजारी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकले जातात. वरच्या पाण्यापेक्षा खालचा निचरा महत्त्वाचा, हा धडा दोघांचा एकच. फक्त एकाने तो खेळासाठी शिकला आणि दुसऱ्याने पोटासाठी.

आणि चौथं, पाणी. सगळा पेच इथेच आहे.

एक साधा हिशोब करू. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला रोज साधारण पाच मिलिमीटर धरा. म्हणजे एकराला वीस हजार लिटर, दहा हजारांचे दोन टँकर, रोज. अठरा होलचं गोल्फ मैदान शंभर-दीडशे एकरांचं असतं. त्यातलं फक्त पन्नास एकर भिजवलं तरी दिवसाला दहा लाख लिटर होतात. शहरात माणशी १३५ लिटरचा निकष आहे. त्या हिशोबाने हे सात हजार चारशे माणसांचं पाणी झालं.

हा प्रश्न महाराष्ट्रात एकदा थेट कोर्टात गेलाय. २०१६ चा एप्रिल आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. आपल्या शेजारच्या मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली: दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. याचिकेतला आकडा होता साठ लाख लिटर पाण्याचा, मैदानं आणि खेळपट्ट्यांसाठी. म्हणजे मिरजेच्या पहिल्या गाडीसारख्या बारा गाड्या. क्रिकेट मंडळ म्हणालं, आम्ही पिण्याचं पाणी वापरणार नाही, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणू. तरीही सामने गेले. अंतिम सामना बंगळुरूला झाला.

तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, हा दिखावा आहे. सामने हलवून लातूरला एक थेंब तरी जास्त मिळाला का? त्यात तथ्य होतं. पण मला त्या वादातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटतं, ते सांडपाण्याचं. हरळी खारट, हलकं पाणी सोसते. तिला पिण्याचं पाणी लागतच नाही. शिवाय अनुभवी मैदान-राखणदार सांगतो की गवताला थोडं तहानलेलं ठेवावं. रोज शिंपडलं तर मुळं वरच राहतात. खोल पाणी देऊन मग ताण दिला तर मुळं खाली जातात. म्हणजे जास्त पाणी देणं ही चांगली निगा नाहीच.

इचलकरंजीत हे बोलताना जीभ जरा जड होते. आपल्या शहराला काही दिवसांआड पाणी येतं. पंचगंगा जवळ असून तिचं पाणी प्यायची सोय राहिली नाही, आणि त्यात आपल्या प्रोसेसच्या रंगीत पाण्याचाही वाटा आहे. कृष्णेवरून पाणी आणलं, तेही पुरेना. दूधगंगेच्या सुळकूड योजनेवरून नदीकाठच्या गावांशी वाद सुरू आहे. त्या गावांची भीतीही खोटी नाही; आपली एक नदी खराब झाल्यावर आपण दुसरीकडे बोट दाखवतोय, असं त्यांना वाटतं. कापडावर छान फिनिश आणायला जे पाणी गेलं, त्याची किंमत कापडाच्या बिलात कधी लिहिली गेली नाही. मैदानाच्या हिरव्या फिनिशचंही तेच होतं. दोन्हीकडे गिऱ्हाइकाला फक्त वरची बाजू दिसते.

मग प्लॅस्टिकचं टर्फ हा उपाय आहे का? त्याचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. १९६५ साली अमेरिकेत ह्यूस्टनला अ‍ॅस्ट्रोडोम उघडलं, छप्पर असलेलं प्रचंड स्टेडियम. आत गवत कुठलं लावलं? बर्टनचं टिफवे. छपराला पारदर्शक तावदानं होती, त्यातून ऊन यायचं. पण वर उडालेला चेंडू झगझगाटात खेळाडूंना दिसेना. म्हणून तावदानांना रंग फासला. सावली झाली, आणि हरळीला सावली चालत नाही. गवत मेलं. काही दिवस मेलेल्या गवताला हिरवा रंग मारून खेळवलं! शेवटी १९६६ मध्ये नायलॉनच्या धाग्याचा हिरवा गालिचा अंथरला. त्याचं नाव पडलं अ‍ॅस्ट्रोटर्फ.

म्हणजे हिरवळ कापडाच्या गिरणीतून निघाली आणि शेवटी स्वतःच कापड झाली. आपण ज्या टर्फवर खेळतो, ते प्लॅस्टिकच्या धाग्याचं, गालिच्यासारखं बनवलेलं कापडच आहे. त्याला पाणी लागत नाही, हे खरं. पण ते उन्हात भयंकर तापतं, काही वर्षांत झिजतं, आणि त्यात रबराचे बारीक काळे दाणे भरतात, जे तुमच्या बुटातून घरापर्यंत येतात. युरोपीय संघाने २०२३ साली अशा मायक्रोप्लॅस्टिकवर नियम केला. खेळाच्या मैदानातल्या दाण्यांना २०३१ पर्यंत मुदत दिली आहे. आपल्याकडे त्याची चर्चाही फारशी नाही.

मी कुणाला टर्फवर जाऊ नका असं म्हणत नाही. शहरात मोकळी मैदानं उरली नाहीत म्हणून पोरं तासाला पैसे मोजतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. माझं मागणं छोटं आहे. आपल्या शहरात मैदान होईल, बाग होईल, लॉन होईल, तेव्हा उद्घाटनाच्या फोटोबरोबर दोन प्रश्न विचारा. याला पाणी कुठलं देणार? आणि ते पाणी आधी कुणाच्या वाट्याचं होतं? उत्तर ‘प्रक्रिया केलेलं सांडपाणी’ असं आलं, तर बिनधास्त हरळी लावा. स्वस्त आहे, देशी आहे, आणि नांगरालाही पुरून उरलेली आहे. उत्तरच आलं नाही, तर समजा की फिनिशचा खर्च परत नदीच्या नावावर पडणार.

आज एवढंच. भाग आवडला तर टर्फवरच्या ग्रुपमध्ये पाठवा, तिथे पैशांच्या हिशोबाशिवाय दुसरा विषय निघत नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पाणी आलं असेल तर आधी भरून ठेवा.